डीएक्स-७ आणि डीएक्स-७ टू : आवाज पडताळून पाहण्याचा माझा अनुभव

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर माझ्या लहानपणापासून आहे. धाकट्या काकांनी तो ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी मुंबईहून जुना विकत आणला आणि पुढे कितीतरी गणेशोत्सव आणि नवरात्रीतले गरबे त्याच्यावरच वाजवले. मागच्या वर्षी सुरतच्या एका मित्राने १९८७ साली निघालेला त्याचाच पुढचा अवतार, डीएक्स-७ टू-एफडी, विकायला काढला आणि "महिनाभर घरी ठेव, नीट ऐक, मग काय ते सांग" असे म्हणून तो माझ्याकडे आणूनही ठेवला. घरात जागा एकाच वाद्यापुरती असल्यामुळे नवा घ्यायचा तर जुना विकणे भाग होते. काकांचे म्हणणे असे, की नव्यात तो आवाजच नाही. मित्राचे म्हणणे असे, की आत सगळे तेच आहे, फक्त अधिक स्वच्छ आहे. दोघांचाही हात या वाद्यांवर वर्षानुवर्षे फिरलेला, त्यामुळे कोणाचेच म्हणणे मला बाजूला सारता येईना.

आवाज तयार करण्याची रीत दोन्हींत एकच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली असे आढळले, की एका शुद्ध सुराला दुसऱ्या सुराने अतिशय वेगाने कंप दिला म्हणजे त्यातून नवे उपस्वर उमटतात. यामाहाने ती कल्पना परवाना घेऊन विकसित केली आणि १९८३ साली डीएक्स-७ बाजारात आणला. दोन्ही वाद्यांत प्रत्येक सुरामागे सहा ऑपरेटर, म्हणजे शुद्ध सूर निर्माण करणारे घटक, आहेत, ते एकमेकांना जोडण्याच्या बत्तीस ठरावीक मांडण्या आहेत आणि एका वेळी सोळा सूर वाजू शकतात. मुख्य फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे आकड्यांच्या रूपातला सूर विजेच्या लहरीत बदलतो तिथे. जुन्यात हे काम बारा बिटांचा कन्व्हर्टर करतो आणि लहान-मोठ्या आवाजासाठी त्याची पातळी पायरीपायरीने बदलली जाते. नव्यात ते काम सोळा बिटांचे, म्हणजे अधिक बारीक पायऱ्यांचे, आहे. हा फरक कानाला कळतो का, आणि कळत असेल तर नेमका कुठे, एवढेच मला शोधायचे होते.

पहिल्या संध्याकाळी मी दोन्ही वाद्ये शेजारी मांडली, मिक्सरला जोडली आणि इलेक्ट्रिक पियानोचा तोच टोन आलटून पालटून वाजवला. नवे वाद्य इतके भरदार आणि निर्मळ वाटले, की दहा मिनिटांतच जुने विकण्याचे मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी पुन्हा पाहिली तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या. नव्याचा आवाज मुळातच मोठा येत होता. त्याच्या दोन्ही आउटपुटांतून आलेला आवाज दोन स्पीकरांवर पसरत होता, तर जुन्याला एकच आउटपुट आहे. आणि जुन्याच्या मागे सतत एक घरघर होती. पहिल्या दोन गोष्टींचा बंदोबस्त सोपा होता. घरघरीने मात्र तीन दिवस घेतले. काकांचे वाद्य ११० व्होल्टवर चालणारे असल्याने त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर कायम वाद्याखाली, आवाजाच्या केबलला अगदी चिकटून ठेवलेला असे. तो हातभर लांब सरकवला, केबल बदलली, दोन्ही वाद्ये आणि मिक्सर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घेतले, आणि ती घरघर गेली. लहानपणापासून जी मी वाद्याचीच समजत आलो होतो, ती वाद्याची नव्हतीच. काका बराच वेळ हेडफोन लावून नुसती शांतता ऐकत बसले होते.

त्यानंतरचे काम दोन्हीकडे तंतोतंत एकच टोन भरण्याचे. डीएक्स-७ ची स्मृती आतल्या एका छोट्या बॅटरीवर टिकते आणि ती बॅटरी बोर्डाला डाख देऊन बसवलेली असते. काही वर्षांपूर्वी एका दुरुस्ती करणाऱ्याने टोन आधी बाहेर काढून न ठेवताच ती बदलली, आणि काकांनी रात्री जागून बसवलेले सनईचे आणि पेटीचे टोन कायमचे गेले. त्याचे वाईट मला आजही वाटते. मूळचे बत्तीस टोन मात्र संगणकावर होते, आणि बत्तीस टोनांचा पूर्ण संच अवघ्या ४,१०४ बाइटांत मावतो. ते मिडीच्या, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या, केबलवरून पाठवण्याआधी डीएक्स-७ वर दोन कामे करावी लागतात: स्मृतीचे संरक्षण, म्हणजे 'मेमरी प्रोटेक्ट', काढावे लागते आणि फंक्शनमध्ये जाऊन 'सिस इन्फो' हे 'अव्हेल' वर आणावे लागते. यातले एक जरी राहिले तरी संगणक पाठवत राहतो आणि वाद्य काहीच घेत नाही. माझी एक पूर्ण दुपार अशीच गेली. नवे वाद्य जुन्याचे टोन जसेच्या तसे घेते, परंतु त्याच्या 'परफॉर्मन्स'मध्ये दोन टोन एकावर एक चढवण्याची आणि डावी-उजवी बाजू वाटण्याची सोय असल्याने ते सगळे बंद करून एकच साधा टोन उघडावा लागला.

पातळी जुळवण्यासाठी मला वाद्यातलीच एक गोष्ट उपयोगी पडली. 'इनिट व्हॉइस' केले, की सहापैकी एकच ऑपरेटर बोलतो आणि शुद्ध, उपस्वरहीन सूर मिळतो. हा सूर दोन्हींवर लावून संगणकावरचा मापक पाहत मी जुन्याची आवाजाची पट्टी इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने सरकवली आणि दोन्ही जुळले तिथे पेन्सिलीची खूण केली. हाताने वाजवून तुलना करण्याचा नाद सोडून दिला, कारण डीएक्स-७ च्या पट्ट्या कितीही जोरात दाबल्या तरी आघाताचे माप मिडीच्या कमाल १२७ पर्यंत पोचवत नाहीत, आणि या पद्धतीत आघात वाढला की नुसता आवाज मोठा होत नाही, सुराचा रंगही उजळतो. म्हणून संगणकावर एकच चीज लिहिली, सगळे सूर ९० च्या आघाताने, आणि तीच दोन्ही वाद्यांना पाठवून मुद्रण केले.

मग खरे ऐकणे सुरू झाले. सतारीची किंवा तंबोऱ्याची तार छेडल्यावर मागे जो सूर रेंगाळतो त्याला आपण आस म्हणतो. पहिल्या अर्ध्या सेकंदात, म्हणजे आघातात आणि त्याच्या लगेच पुढे, मला दोन वाद्यांत काहीही फरक करता आला नाही. ठोक तोच, चमक तीच. फरक होता तो आसेत. 'ई पियानो १' चा मध्य सप्तकातला एक सूर धरून ठेवला, की नव्या वाद्यावर तो गुळगुळीत उतारावरून उतरत शांततेत विरून जातो. जुन्यावर तो उतरतो तेव्हा त्याच्या अंगाला बारीक वाळूसारखी एक सरसर असते, जी सुराबरोबर खाली येते आणि अगदी शेवटी, सूर विझायच्या बेतात असताना, क्षणभर सुराहून स्पष्ट होते. एकट्या सुरात तो दोष वाटू शकतो. चार सुरांचा मेळ धरला, की तीच सरसर सुरांमधल्या फटी भरून काढते आणि आवाजाला एक ऊब येते. खर्जातल्या 'बास १' वर तर मला जुने वाद्य निर्विवादपणे आवडले, कारण तिथे त्या खरबरीतपणामुळे सुराला दाणा आला होता. घंटेच्या टोनवर नेमके उलटे झाले: नव्याची लांब, निर्मळ आस ऐकल्यावर जुन्याची गढूळ वाटू लागली.

आपल्याला हवे तेच आपण ऐकत नाही ना, ही शंका होतीच. म्हणून मुलीला मुद्रणांची नावे बदलायला सांगितली आणि काकांना बसवले. तुटक, जलद सुरांच्या तुकड्यांवर त्यांचा अंदाज निम्म्या वेळा चुकला, माझाही तसाच. लांब सुरांच्या तुकड्यांवर मात्र ते एकदाही चुकले नाहीत. डोळे मिटून, बोट वर करून ते म्हणाले, "सुरुवात सोड रे. हा विझताना ऐक." काकांचे म्हणणे खरे ठरले आणि मित्राचेही; दोघे एकाच फरकाला दोन नावे देत होते.

शेवटच्या आठवड्यात असे काही घडले, की ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. डीएक्स-७ टू मध्ये स्वरांच्या बारा घरांची लावणी बदलण्याची सोय आहे. जुन्यात ती नाही. ज्या वडोदऱ्यात १८८६ साली संगीतज्ञ मौलाबख्शांच्या देखरेखीखाली गायनशाळा सुरू झाली, त्या शहरात वाढलेल्या माझ्या काकूंना सिंथेसायझरच्या साथीवर भूप गाताना गंधारावर नेहमी अडल्यासारखे वाटे. कारण सरळ आहे. (सेंट म्हणजे शेजारच्या दोन स्वरघरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) समान अंतराच्या लावणीत गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटांवर, म्हणजे चौदा सेंटांनी उतरलेला. नव्या वाद्यावर 'प्युअर मेजर' ही लावणी निवडली, षड्ज त्यांच्या पट्टीला आणून ठेवला आणि षड्ज, गंधार, पंचम एकत्र धरले. आधीच्या लावणीत त्या मेळात जी झपझप आंदोलने ऐकू येत होती ती पूर्ण थांबली. काकूंनी गंधार लावला, आणि तो वाद्याच्या गंधारात असा मिसळला, की कोणता कुठला हे मला काही क्षण सांगता येईना. आणि इथे त्या स्वच्छ आसेचे महत्त्व मला पहिल्यांदा पटले: इतक्या बारीक मेळाखाली वाळूची सरसर असती, तर तो मेळ इतका उघड ऐकू आलाच नसता.

मित्राला मी ठरलेली रक्कम पाठवली आणि जागेसाठी पुस्तकांचे एक कपाट गच्चीवरच्या खोलीत हलवले. जुना विकण्याचा विचार आता कोणी काढत नाही. त्याची बॅटरी काढून तिथे बॅटरी सहज बदलता येईल असे खोबणीचे घर बसवून घेतले; बदलण्याआधी बत्तीसही टोन मी स्वतः संगणकावर उतरवून ठेवले होते. येत्या गणेशोत्सवातल्या भावगीतांना इलेक्ट्रिक पियानो आणि खर्ज त्याच्यावर, काकूंच्या भुपाला साथ नव्यावर. ट्रान्सफॉर्मर आता भिंतीपाशी असतो, आणि आवाजाच्या पट्टीवरची पेन्सिलीची खूण पुसली जाऊ नये म्हणून काकांनी तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे.