बारा पूर्ण व्हायच्या आत: टोकियो डिस्नेचा आमचा हिशेब

मोठीला जुलैत बारा वर्षं पूर्ण होणार होती आणि धाकटीला ऑगस्टमध्ये चार. टोकियो डिस्नेच्या तिकीटदरांचं पान उघडलं आणि या दोन तारखांना एकदम भाव आला. तिथे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. चार ते अकरा वयाला लहान मुलांचं तिकीट, बारा ते सतराला त्याहून महाग ‘ज्युनिअर’ तिकीट, आणि अठरापासून पुढे सगळे मोठे. म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात गेलो तर एकीचं तिकीट जवळपास अर्धं आणि दुसरीचं फुकट. तेच दिवाळीत गेलो तर दोघीही एकेक पायरी वर. विमानाचंही तेच. लहान मुलांची सवलत, असलीच तर, अकरा वर्षांपर्यंत. (स्वस्तातल्या विमान कंपन्या दोन वर्षांवरच्या मुलाला बहुधा पूर्ण भाडंच लावतात, त्यामुळे ‘स्वस्त’ विमान चौघांच्या बेरजेत स्वस्त राहतंच असं नाही. बेरीज करून बघावी.)

डिस्नेलाच जायचं हे मुलींनी ठरवलं होतं. कुठल्या डिस्नेला, ते आमच्या हातात होतं. त्या वेळी अमेरिकेच्या व्हिसाचे माणशी १८५ डॉलर, तेही लहान मुलासकट आणि नकार आला तरी परत न मिळणारे. पॅरिससाठी शेंगेन व्हिसा, मोठ्यांना ९० युरो. सहा ते अकरा वयाला निम्मे आणि सहाच्या आतल्यांना माफ. जपानच्या व्हिसाची फी मात्र तेव्हा माणशी पाचशे रुपयांच्या आसपास होती, वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार. त्यात येन गेली काही वर्षं पडलेलाच आहे. आम्ही गेलो तेव्हा शंभर येनला साठ रुपयेही पडत नव्हते. मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन, म्हणजे साधारण साडेचार ते सव्वासहा हजार रुपये. फ्लोरिडातल्या डिस्नेचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वरच सुरू होतं. नवऱ्याला पॅरिसची ओढ होती. मी त्याला कागद दाखवला. विषय संपला.

पुण्यातल्या एका टूर कंपनीकडून भाव काढला होता, तुलनेसाठी. पॅकेजच्या रकमेवर जीएसटी आणि वर तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच टक्के टीसीएस, म्हणजे कंपनीनं आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर. टीसीएस बुडत नाही, आयकर विवरण भरताना तो वळता होतो, पण तोवर आपले पैसे अडकून राहतात. आई-वडिलांना घेऊन जाणार असते तर मी पॅकेजच घेतलं असतं. बॅगा उचलणारं आणि जेवणाची सोय बघणारं माणूस बरोबर असणं याला किंमत आहे. पण आम्ही दोघं धडधाकट, आणि पॅकेजात डिस्नेचा दिवस नेमका शनिवारी पडत होता. टोकियोत शनिवारी डिस्नेला जायचं म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त गर्दी विकत घ्यायची.

तारीख हेच सगळ्यात मोठं हत्यार. तिथे तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो आणि गर्दीही त्याच चालीनं जाते. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात ‘गोल्डन वीक’ असतो, सगळ्या सुट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या काळात विमान, हॉटेल, तिकीट, सगळंच चढं. जूनमध्ये टोकियोचा पावसाळा सुरू होतो. या दोन्हींच्या मधला मेचा पट्टा आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत अलगद बसतो, तर तिथल्या मुलांची तेव्हा शाळा चालू असते. त्या पट्ट्यातला मंगळवार आणि गुरुवार घेतला. तरी पूर्ण शुकशुकाट मिळेल या भ्रमात राहू नये. मे महिना जपानी शाळांच्या सहलींचाही असतो. गणवेशातल्या मुलामुलींचे थवेच्या थवे डोक्यावर मिकीचे कान लावून फिरत होते.

व्हिसाच्या अर्जाला बँकेची स्टेटमेंट्स, आयकर विवरणं आणि रोजच्या कार्यक्रमाचा तक्ता लागतो: कुठल्या तारखेला कुठे असणार, रात्री कुठे राहणार. हा तक्ता लोक कटकट म्हणून कसाबसा भरतात. मला त्याचा उपयोग झाला. तो भरताना दिसलं की डिस्नेच्या दोन दिवसांखेरीज आमच्या यादीतलं जवळपास सगळं फुकट किंवा नाममात्र आहे: असाकुसाचं सेन्सोजी मंदिर, मेइजी जिंगू देवस्थान, शिंजुकूतल्या सरकारी इमारतीतला शहर बघायचा उंच मजला, उएनो बाग.

आता राहण्याचं. जपानात हॉटेलचा दर पुष्कळदा खोलीवर नसतो, माणशी असतो, आणि चौघांची खोली मिळणं अवघड. डिस्नेच्या माइहामा स्टेशनाभोवतीची हॉटेलं बघितली आणि टॅब बंद केला. मग नवऱ्याच्या मावसभावानं निशी-कासाइ सुचवलं; तो काही वर्षं तिथे राहून आलाय. एदोगावा वॉर्डातला हा भाग म्हणजे टोकियोतली भारतीय वस्ती. २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा बिघडू नयेत म्हणून निघालेल्या ‘वायटूके’च्या कामासाठी आपले संगणक अभियंते आले, तोझाइ मेट्रो लाइननं ओतेमाचीच्या बँकांत थेट जाता येतं म्हणून इथे राहिले आणि रुजले. २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. आपल्या मराठी मुलखातून गेलेले, आणि जपानात निवडणूक जिंकणारे पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ.

आम्हाला मात्र या इतिहासापेक्षा भूगोलाचा फायदा झाला. निशी-कासाइच्या शेजारच्या कासाइ स्टेशनाहून डिस्नेला थेट बस जाते. टोकियो स्टेशनाहून जायचं तर केइयो लाइनचा फलाट इतका लांब आहे की झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन ती पायपीट करणाऱ्यांची मला दया आली. कासाइला स्वयंपाकाचा ओटा असलेली छोटी जागा घेतली. डिस्नेजवळच्या खोलीच्या तुलनेत भाडं पुष्कळच कमी, आणि खाली उतरलं की भारतीय किराण्याचं दुकान: तूरडाळ, कणीक, मोहरी. सकाळी पोहे, रात्री मुगाच्या डाळीची खिचडी. आम्ही दोघं मासे खात नाही, आणि जपानात साध्या भाजीच्या आमटीतही माशाचा अर्क असतो. त्यामुळे ओटा आमच्यासाठी काटकसर कमी आणि गरज जास्त होता. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात दुकान बंद व्हायच्या सुमारास माल उतरत्या भावात निघतो, त्यावर कमी किमतीची चिकटपट्टी लागते. नवरा रोज त्या वेळेला ‘सहज चक्कर मारून येतो’ म्हणून जायचा आणि फळं घेऊन यायचा.

गाड्यांमध्ये सहाच्या आतलं मूल मोठ्यांबरोबर फुकट आणि प्राथमिक शाळेच्या वयाला अर्धं तिकीट. फक्त प्रवासाच्या कार्डानं भाडं भरायचं तर मुलाच्या नावाचं वेगळं कार्ड काढावं लागतं. मोठ्यांच्या कार्डावर मुलाला नेलं तर पूर्ण भाडं कापलं जातं.

डिस्नेची तिकिटं साधारण दोन महिने आधी खुली होतात. विकत घेण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करून ठेवावेत. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डांवर ते मुळात बंदच असतात, आणि नाकारलं गेलेलं कार्ड घेऊन माणसं उगाच वेबसाइटला शिव्या घालत बसतात. दुसरं म्हणजे चलन. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांच्या घरात आकार लागतो, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे लाखाला चार हजारांच्या वर. हा आकार न लावणारी कार्डं मिळतात. सहलीआधी एखादं काढून घेणं सोपं. आणि दुकानातल्या यंत्रानं ‘रुपयांत की येनमध्ये’ असं विचारलं तर येनच. रुपयांत म्हटलं की दर दुकानाची बँक ठरवते आणि तो आपल्या बाजूचा नसतो.

एक प्रलोभन मी कागदावर तपासून सोडून दिलं. कामाच्या दिवसांत संध्याकाळी पाचनंतरचं वेगळं तिकीट असतं, तेव्हा ४,५०० ते ६,२०० येनचं. मोठ्यांना ते चांगलं वाटतं. पण त्यात वयाप्रमाणे सवलत नाही, आणि मुलांचं दिवसभराचं तिकीटच मुळी ४,७०० ते ५,६०० येन होतं. म्हणजे मोठीला दिवसभराच्या दरात चार तास. जोडप्यानं जावं, मुलंवाल्यांनी वाट वाकडी करू नये.

पार्कात घरचा डबा खायला परवानगी नाही. प्रवेशद्वाराबाहेर त्यासाठी बाकं ठेवलेली जागा आहे, आणि त्याच दिवशी बाहेर जाऊन परत आत येता येतं. आम्ही दुपारी बाहेर आलो, दशम्या, चटणी आणि केळी खाल्ली. शेजारी जपानी आजीबाई नातवाला भाताचे गोळे भरवत होत्या. पाण्याच्या बाटल्या आत चालतात (काच आणि कॅन नाही) आणि भरून घ्यायला नळ आहेत. आत खर्च केला तो पॉपकॉर्नवर. तिथे त्याचे किती स्वाद असावेत? करी स्वादाच्या ठेल्याचा वास अर्ध्या पार्कात येतो. लोक गळ्यात अडकवायच्या नक्षीदार बादल्या घेतात, आम्ही साधा खोका घेतला. बादलीसाठी धाकटीनं भोकाड पसरलं होतं. परेड आली आणि ती विसरली.

मिकीचे कान मात्र पुण्यातूनच नेले होते, तुळशीबागेतून, दोघींना दोन जोड्या. आतल्या एका जोडीच्या किमतीत तुळशीबागेत अख्खं दुकान हसत उभं राहिलं असतं. मोठी पहिल्यांदा कुरकुरली, ‘आई, सगळ्यांना कळेल हे खोटे आहेत.’ कुणालाही कळलं नाही. रेनकोट घरचे, आणि परेडच्या आधी जमिनीवर अंथरायला पातळ सतरंजी. तिथे परेडच्या तासभर आधी अंथरूण घालून जागा धरायची रीतच आहे, आणि त्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

रांगेचं वेगळं. तिथे वेळ विकायला ठेवलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा काही राइड्सना आत गेल्यावर ॲपवरून फुकट प्रायॉरिटी पास मिळत होता: ठरावीक वेळ मिळते आणि तेव्हा छोट्या रांगेतून सोडतात. एक घेतल्यावर दुसरा लगेच मिळत नाही. त्यामुळे फाटकातून आत शिरताच पहिलं काम तेच, फोटो नंतर. नवीन आणि गाजलेल्या राइड्सची रांग टाळायची तर मात्र पैसे भरून प्रीमियर ॲक्सेस घ्यावा लागतो, तेव्हा राइडप्रमाणे माणशी १,५०० येनपासून पुढे. घरून ठरवून गेलो होतो की हा भरायचा नाही. डिस्नेसी या तिथल्या दुसऱ्या पार्कातला फँटसी स्प्रिंग्ज हा भाग जून २०२४ मध्ये उघडला, त्यातल्या फ्रोझनच्या राइडची रांग ॲपवर बघितली आणि तिथल्या तिथे पैसे भरले. धाकटीचे लागले नाहीत. दोन-अडीच तास तीन वर्षांच्या मुलीला रांगेत धरून ठेवायचं आणि मग तिला आइस्क्रीम, खेळणं, पाठंगुळी यांची लाच देत राहायचं, यापेक्षा तो व्यवहार स्वस्त पडला असं मी आजही म्हणेन. बाकी सगळ्या राइड्सना फुकटचा पास किंवा साधी रांग.

जिथे धाकटीची उंची भरत नव्हती तिथे रायडर स्विच मागितलं: एकानं मोठीबरोबर बसायचं, दुसऱ्यानं धाकटीला सांभाळायचं, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसऱ्याची पाळी. रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधीच सांगावं लागतं. इंग्रजी जेमतेम असलं तरी बोटांनी दोन आकडे आणि पोराकडे हात केला की त्यांना कळतं. फोनचा डेटा एकाच फोनवर घेतला होता आणि सगळ्यांची तिकिटं त्याच ॲपमध्ये. बॅटरी बँक मात्र न्यावी, कारण नकाशा, रांगा, पास, सगळं त्या एका फोनवर चालतं आणि दुपारी तीनलाच तो मान टाकतो.

भेटवस्तूंसाठी ऑफिसातली माणसं मोजून गेले होते. किल्ल्या अडकवायची कडी माणशी घेतली तर बजेट कोसळतं. मिठाईच्या पत्र्याच्या डब्यांत एकेक बिस्किट वेगळं गुंडाळलेलं असतं, आणि डब्यावर नगांची संख्या छापलेली असते. मी दर नगाचा भाव काढत उभी होते, तर शेजारी दोन जपानी बायका नेमकं तेच करत होत्या. एकीनं फोनवरचा आकडा दुसरीला दाखवला आणि दोघींनी मोठा डबा उचलला. मीही तोच उचलला. घटकांची यादी फोनवर भाषांतर करून वाचली, तर अंडं निघालं. मग सासूबाईंसाठी वेगळी, भाताच्या कुरकुरीत चकत्यांची पिशवी घेतली, तीही कासाइच्या सुपरमार्केटातून आणि चिकटपट्टी लागल्यावर.