तीस बाय अठरा सेंटीमीटरपासून सुरुवात: आमची वाटचाल

लातूरला औसा रोडच्या आतल्या बाजूला आमचं पत्र्याचं शेड आहे, बारा बाय तीस फूट, उन्हाळ्यात दुपारी एक ते चार आत थांबवत नाही. इथं आम्ही लाकडी नेमप्लेट, देव्हाऱ्याची जाळी, सन्मानचिन्हं आणि दाराच्या पॅनलवरचं कोरीव काम करतो. माणसं तीन: मी, अण्णा म्हणजे वडील, आणि एक पोरगा. लोक विचारतात की सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर लाकूड कोरणारी मशीन, कुठनं घेतली, कितीला घेतली, आम्हाला पण छंद म्हणून घ्यायची आहे, कोणती घेऊ. दरवेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

अण्णा मूळ खेड्यातले सुतार. तिफण, वखर, बैलगाडीची चाकं, हे त्यांचं काम. पुढं तिफण लोखंडाची झाली अन् ट्रॅक्टरच्या मागं लागली, मग दारं-चौकटी करायला लागले. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर आमच्या भागात माळवदाची लोकांना जी भीती बसली ती बसलीच, दगडमातीच्या भिंती अन् वर मातीचं ओझं, कुणालाच त्याखाली झोपायचं नव्हतं, सगळ्यांना स्लॅब पाहिजे होता, आणि उतरवलेल्या माळवदांच्या सागवानी तुळया विकायला निघाल्या. अण्णांनी जमेल तेवढ्या घेऊन ठेवल्या. त्यातल्या सात-आठ अजून शेडच्या मागं आहेत, त्यांचं पुढं सांगतो.

मी स्वतः सुतारकी शिकलो नाही. दहा वर्षं प्रिंटिंग प्रेसमध्ये डीटीपी केलं, लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, कोरलड्रॉ डोळे झाकून चालवायचो. २०१९ मध्ये एका ग्राहकाने लाकडात कोरलेली नेमप्लेट मागितली आणि अण्णांचा हात तोवर थरथरायला लागला होता. पटाशीने अक्षर काढायला बसले की मधेच थांबायचे. तेव्हा ऑनलाइन बघत बघत ३०१८ नावाची छोटी मशीन मागवली, साडेअठरा हजार रुपये. ३०१८ म्हणजे काय तर ३०० बाय १८० मिलिमीटरचं काम होतं, बस. मी आकडा वाचला होता पण हाताने मोजून बघितला नव्हता. खोकं उघडलं तर अण्णा म्हणले, "एवढ्यात तर पोळपाटबी बसत नाही रे."

जाहिरातीत रेडीमेड लिहिलं होतं. आता रेडीमेड म्हणजे नेमकं काय ते ऐका. फ्रेम जोडलेली होती, वायरी लावलेल्या होत्या, कंट्रोलरमध्ये जीआरबीएल, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, आधीच टाकलेला होता. एवढंच रेडी होतं. गुण्या लावून बघितला तर उभा खांब काटकोनात नव्हता. बेडचा एक कोपरा ०.४ मिलिमीटर खाली होता. तुम्ही म्हणाल ०.४ ने काय होतंय, पण ९० अंशाच्या व्ही-बिटने, म्हणजे टोकदार कोरणीने, कोरताना खोली जेवढी बदलते त्याच्या दुप्पट रेषेची रुंदी बदलते, म्हणजे ०.८ मिलिमीटर. नावाचं पहिलं अक्षर जाड अन् शेवटचं बारीक, जणू लिहिणाऱ्याची शाई संपत आली. त्यावर उपाय असा की बेडवर एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, फळी पक्की बसवायची अन् मशीननेच ती वरून तासून घ्यायची, मग ती बिटाला समांतर होते. ह्याला स्पॉइलबोर्ड म्हणतात. पावसाळ्यात एमडीएफ फुगतं त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये परत तासावं लागतं. विकणाऱ्याने ह्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, फोन केला तर व्हिडिओ बघा म्हणला.

पहिला महिना नुसता जळका वास. सागवानाचा तुकडा लावला की कोरलेली कड काळी पडायची. मी घाबरून स्पीड कमी करत गेलो, फीड, म्हणजे बिट लाकडातनं पुढं सरकायचा वेग, मिनिटाला १५० मिलिमीटरवर आणला, तरी जास्तच जळायला लागलं. एका संध्याकाळी अण्णा शेजारी येऊन उभे राहिले, मशीनखालचा भुसा चिमटीत घेतला, बोटावर चोळला आणि म्हणले, "दळायलास का कापायलास रे? हे पीठ हाय, भुसा न्हाई." मग आपला रंधा आणला, त्याच तुकड्यावर एक हात मारला, लांबच लांब सालपट निघालं, ते माझ्या हातात दिलं अन् चहा प्यायला निघून गेले.

त्या रात्री हिशोब मांडला. ३०१८ ची ७७५ मोटर मिनिटाला साधारण १०,००० फेरे मारते. बिटाला दोन धारा, म्हणजे मिनिटाला वीस हजार वेळा धार लाकडाला लागते. फीड १५० असेल तर एका धारेच्या वाट्याला येतं ०.००७५ मिलिमीटर. एवढ्याशात धार आत शिरतच नाही, वरनं नुसती घासते, घासून गरम होते, लाकूड जळतं अन् बिटाची धारही मरते. फीड ६०० केला, एका धारेला ०.०३ आलं, खोली मात्र एका पासला, म्हणजे बिटाच्या एका फेरीला, अर्धा मिलिमीटरच ठेवली कारण फ्रेम तेवढीच सोसते. वास गेला. भुशाला दाणा आला. नवीन माणूस मशीन बिघडेल म्हणून हळू चालवतो आणि त्यानेच बिट घालवतो, मी पहिल्या दोन महिन्यांत अकरा बिटं घालवली. म्हणून मशीनच्या किमतीवर निदान चार-पाच हजार बिटांचे अन् क्लॅम्पचे धरूनच चाला.

मग देवनागरीची गंमत. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, आपल्याकडं वर शिरोरेषा, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कागदावर छापताना काळ्यावर काळं, काही दिसत नाही. मशीनला मात्र त्या दोन वेगळ्या आकृत्या, जिथं एकमेकांवर चढल्या तेवढा तुकडा ती न कोरता सोडून देते. "निवास" कोरलं तर शिरोरेषेत मधे मधे बारीक उभ्या भिंती राहिल्या, रेल्वेच्या रुळाच्या सांध्यासारख्या. कोरलमध्ये सगळी अक्षरं कर्व्ह करून वेल्ड मारलं, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच आकृती केली, की प्रश्न मिटतो. दहा वर्षांची डीटीपी इथं कामाला आली, नाहीतर आमच्यासारख्याचं काय खरं होतं. ष, क्ष, ध असल्या अक्षरांच्या आतला लाकडाचा लहान ठिपका कोरताना उडून जातो, तिथं फॉन्टच जाड घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

गोल टी-कोस्टर करायला घेतले तेव्हा अजून एक खोड कळली. गोल पूर्ण गोल येत नव्हता, चार ठिकाणी हलका खाचा पडायचा, बरोबर जिथं मशीन दिशा बदलते तिथं. स्क्रू अन् नट यांच्यात जो ढिलेपणा असतो, बॅकलॅश म्हणतात, त्याचं हे काम. स्प्रिंग असलेला पितळी नट टाकला, दोनशे-अडीचशे रुपयांत भागलं.

लाईटचं तर विचारूच नका. दीड तासाचं काम, सव्वा तास झालेला, अन् लाईट गेली. आमच्या मशीनला लिमिट स्विच, म्हणजे कडेला पोचल्याचं मशीनला कळवणारी बटणं, नव्हते, त्यामुळं लाईट परत आली तरी आपण कुठं होतो ते मशीनला माहीत नाही. सुरुवातीला तो तुकडा चुलीतच जायचा. नंतर स्पॉइलबोर्डवर एका कोपऱ्यात प्लायचा एल आकाराचा अडसर ठोकून टाकला, माल त्याला टेकवूनच लावायचा अन् शून्य कायम त्या कोपऱ्यावरच घ्यायचं, मग परत सुरू केलं तर बिट त्याच खाचेतनं जातं. कॉम्प्युटरचा यूपीएसही लावला. एकदा लॅपटॉपच मधेच झोपी गेला, स्लीप बंद करायचं राहिलं होतं, त्यात विजेचा काही दोष नव्हता.

आणि त्या जुन्या तुळया. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान, अजिबात वाकत-तडकत नाही, नेमप्लेटला त्याच्यासारखं लाकूड नाही. पण त्यात खिळे. डोकं तुटून आत राहिलेले, वरून लाकडाने झाकलेले. एका पॅनलमध्ये बिट असं तुटलं की तुकडा माझ्या चष्म्यावर येऊन आपटला. त्यादिवसापासून चष्म्याशिवाय शेडमध्ये मशीन चालू नाही, आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक फळीवरनं आधी फिरवायचं. जिथं दोरी तिरकी होईल तिथं खडूची खूण. हे काम पोरगा आवडीने करतो.

धुळीकडं मी दोन वर्षं दुर्लक्ष केलं, ती माझी चूक. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडचा डिंक. हॉलमध्ये, बेडरूममध्ये मशीन ठेवायचा विचार असेल तर आधी व्हॅक्यूमचं बघा मग मशीनचं.

लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी शून्य, शिकणं भरपूर. उद्यम नोंदणी त्यानंतर केली, ती ऑनलाइन फुकट होते हे मला नंतर कळलं, एकाने माझ्याकडनं पंधराशे घेतले होते. खरा धंदा सुरू झाला तो लातूर पॅटर्नच्या जिवावर. नीटचा निकाल लागला की क्लासवाल्यांना सत्कारासाठी सन्मानचिन्हं पाहिजेत, तीही परवा पाहिजेत. छोट्या मशीनवर एक चिन्ह सव्वा तास, दीडशे चिन्हांची ऑर्डर आली ती मला सोडावी लागली. फोन ठेवल्यावर लई वाईट वाटलं.

२०२२ मध्ये दुसरी मशीन घेतली, ६०० बाय ९०० मिलिमीटर, सव्वादोन लाख. ह्यावेळी आकार शेवटी विचारला. आधी विचारलं की सरकायचे रेल कोणते आहेत, बॉलस्क्रू म्हणजे ढिलेपणा कमी असलेला गोळ्यांचा स्क्रू आहे का, लिमिट स्विच आहेत का, स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारी मोटर कितीची. एकाने फोनवर सांगितलं की सगळं रेडीमेड आहे, प्लग लावा अन् चालवा. मी म्हणलो झेडला, म्हणजे बिट वर-खाली नेणाऱ्या भागाला, धरून हलवल्यावर किती हलतं तेवढं मोजून सांगा. त्याने परत फोन केला नाही. जिथनं घेतली तिथं दीड किलोवॅटचा स्पिंडल, २४,००० फेऱ्यांचा, सागवानात एका पासला तीन मिलिमीटर आरामात घेतो. तरी तिनेही त्रास दिला. व्हीएफडी, म्हणजे स्पिंडलचा वेग सांभाळणारा डबा, चालू झाला की कॉम्प्युटरचं यूएसबी कनेक्शन तुटायचं. शिल्डेड केबल टाकली, पण मूळ दुखणं अर्थिंगचं निघालं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये जमीन इतकी कोरडी होते की खड्ड्यात कोळसा-मीठ असूनही अर्थिंग धरत नाही. आता उन्हाळ्यात रोज सकाळी एक बादली पाणी त्या खड्ड्यात जातं, घरातले आधी हसायचे.

छंदासाठी घेणाऱ्याला माझं म्हणणं एवढंच, ३०१८ घ्या, वाईट नाही, पण तिच्यावर पैसे कमवायचं गणित मांडून घेऊ नका. आणि वापरलेली मिळाली तर विकणाऱ्याच्या समोर एक गोल कापून बघा.

आमची ती छोटी अजून चालू आहे. अण्णा तिच्यावर पोळ्यासाठी लाकडी बैलांचे भाग काढतात, चालू-बंद तेवढं त्यांना जमतं, पाय अन् शिंगं मात्र पटाशीनेच, हात थरथरला तरी. मोठ्या दारांसाठी १३२५ ची, म्हणजे चार बाय आठ फुटाची शीट बसेल अशी मशीन पाहिजे, दोन ठिकाणची कोटेशनं आलीत. थ्री फेजचा अर्ज दिलाय, मीटर बसलं की पुढचं बघू, अन् शेडची मागची भिंतही पाडावी लागणार आहे, तुळया कुठं हलवायच्या ते अजून ठरत नाही.