कामावरच लागलं, असंच लिहून घ्या

भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या ठोक्यानं पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी ठेकेदाराकडून ऑपरेटर म्हणून लागले, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. दुसरी पाळी होती. डायमधला, म्हणजे साच्यातला, पीस काढायला हात घातला आणि पाय पेडलवरून उचललेला असतानाही प्रेस पुन्हा खाली आली. आमच्याकडे त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. लगेच दुखलं नाही. हातमोजा गरम आणि ओला लागला, तेव्हा कळलं.

शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी मेन स्विच बंद केला, स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबलं आणि हात वर धरायला लावला. मोज्यात अडकलेलं बोटाचं टोक त्यांनी ओल्या स्वच्छ रुमालात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवली. बर्फ थेट मांसाला लागला तर तुकडा जोडण्यालायक राहत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात सुपरवायझर आले. "ताई, जवळच्या दवाखान्यात टाके घालून घेऊ, पैसे मालक देतील. फक्त घरी दारात बोट सापडलं म्हणून सांगा." नोकरी जाईल या भीतीनं मी मान हलवणार होते. मावशींनी माझा दुसरा हात धरला. "पोरी, घरी लागलं असं अजिबात सांगू नकोस. ईएसआयच्या दवाखान्यात चल." आणि रिक्षा बोलावली. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी सगळं सांगितलं. केसपेपरवर त्यांनी लिहिलं: कामावर, पॉवर प्रेस, वेळ अमुक. टोक चेचलं गेल्यामुळे जोडता आलं नाही. पण तासाभरात पोचल्यामुळे जखम नीट साफ करून वर त्वचा बसवता आली आणि खालचा सांधा वाचला. आज मी त्याच बोटानं साडीची पिन लावते.

त्या एका ओळीची किंमत पुढे कळली. माझ्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के ईएसआयला कापले जातात, मालकाला ३.२५ टक्के भरावे लागतात. घरी लागलं असतं तर आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के, आणि तोसुद्धा आधीच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. माझ्यासारख्या नव्या बाईला काहीच मिळालं नसतं. कामावरच्या अपघाताला मात्र ती अट नाही. विम्यात नाव लागलं त्या दिवसापासून हक्क आहे, आणि भत्ता ९० टक्के.

तरी पैसे सहज आले नाहीत. अपघाताचा अहवाल कारखान्यानं पाठवायचा असतो. आठवडा झाला तरी तो गेला नव्हता. फोन केला की "उद्या पाठवतो". शेवटी केसपेपरची झेरॉक्स, विमा क्रमांक आणि बँक पासबुक घेऊन मी ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कारखान्याला विचारणा केली, तेव्हा अहवाल गेला. जखम भरेपर्यंत डॉक्टरांचा रजेचा दाखला वेळच्या वेळी घ्यायचा, एक दिवसही मध्ये मोकळा सोडायचा नाही, हेही त्यांनीच समजावलं.

जखम भरल्यावर मेडिकल बोर्डापुढे गेले. तर्जनीचं एक पेर गेलं की कमाईची क्षमता ९ टक्के कमी धरतात. त्या हिशोबानं दर महिन्याला रक्कम येते आणि हयातभर येत राहील. रक्कम लहान आहे, पण गॅसच्या सिलिंडरची चिंता त्यातून मिटते.

प्रेस उघडून पाहिली तेव्हा क्लचमधली 'की' नावाची खिट्टी झिजलेली निघाली. दोन आठवडे मशीन अधूनमधून दुसरा ठोका देत होती, आम्ही सगळ्या सांगत होतो. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मी आता पॅकिंगला आहे. मावशी अजून प्रेसवरच आहेत. त्यांच्या मशीनमागच्या खिडकीत एक स्टीलचा डबा असतो: आत गॉज, चिकटपट्टी, दोन कोऱ्या पिशव्या, आणि झाकणावर आतून चिकटवलेला प्रत्येकीचा विमा क्रमांक.