जाळीतले केस

लिलावात घेतलेल्या मोडक्या गाडीचा बंपर उतरवून रेडिएटर मोकळा केला, तेव्हा त्याच्या बारीक पात्यांमध्ये तांबूस केस अडकलेले दिसले. आखूड आणि राठ. कुत्र्याचे नव्हेत, कोल्ह्याचेही नव्हेत. इंग्लंडात आमच्या बेडफर्डच्या बाजूला रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल : मंटजॅक. गुडघ्याएवढं चिनी हरीण. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या वोबर्नच्या एका सरदाराने हौसेने आणून पाळलं, ते कुंपणाबाहेर पळालं आणि आता आमच्या परसातले गुलाब खातं.

म्हणजे माझी गाडी मोडली ती या हरणाने. एवढे दिवस मी मनात कुणा पोराटोराने वेगात भिंतीवर घातली असेल असं चित्र रंगवून त्याला शिव्या देत होतो.

गाडी २०१६ची माझदा एमएक्स-५, दीड लिटरची, लाल, दोन सीट, कापडी टप. लिलावात ४,१०० पौंडांना घेतली. त्यावर लिलाववाल्यांची फी, फीवर व्हॅट आणि ट्रकचं भाडं धरून दारात उतरेपर्यंत ४,९६०. तशी धड गाडी तेव्हा दहा-अकरा हजारांच्या खाली मिळत नव्हती. बायकोला मी फक्त पहिला आकडा सांगितला होता. बाकीचे तिने बँकेच्या ॲपवर वाचले.

एवढ्याशा हरणाने गाडी टोटल लॉस कशी होते? पत्र्याने नाही, बारुदाने. या गाडीचं नाक बुटकं आणि बॉनेटखाली लगेच इंजिन. पायी चालणाऱ्या माणसाला धडक बसली तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं आणि खाली लोखंड. म्हणून बंपरमध्ये सेन्सर असतो. धडक कळली की बिजागऱ्यांपाशी दोन छोटे दट्टे बार उडवून बॉनेटची मागची कड वर उचलतात, म्हणजे पत्र्याला दबायला जागा मिळते. कल्पना उत्तमच आहे. पण सेन्सरला माणूस आणि मंटजॅक यांतला फरक कळत नाही. आणि बार एकदाच उडतो. दट्टे नवे, बिजागऱ्या नव्या, बॉनेट नवं, एअरबॅगचं कंट्रोल युनिट, वर शोरूमची मजुरी. विमावाला हिशेब करतो, दुरुस्ती परवडत नाही म्हणतो आणि गाडी लिलावात ढकलतो.

ब्रिटनमध्ये २०१७च्या ऑक्टोबरपासून अशा गाड्यांना ए, बी, एस, एन अशी अक्षरं लावतात. ए म्हणजे सगळीच चुरडायची, बीचे फक्त सुटे भाग काढायचे. एसमध्ये सांगाड्याला मार असतो, एनमध्ये सांगाडा शाबूत. माझी एन. एन म्हणजे किरकोळ असं लोक समजतात, मीही समजलो. पण सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक वाकले तरी अक्षर एनच राहतं. लिलावाच्या बारा फोटोंत डाव्या पुढच्या चाकाचा एकही फोटो नव्हता, हे मला गाडी ट्रकवरून वाकडी चालत उतरली तेव्हा लक्षात आलं. हरीण चुकवताना चाक फुटपाथच्या कडेवर चढलं असणार. खालचा विशबोन, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा दांडा, वाकला होता.

त्या रात्री मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं डेंटिंग करतोय. शाळेच्या सुट्टीत मी त्याच्याकडे असायचो. तो बाहेरून हातोडा मारायचा आणि मी आतून ठोकळा धरून बसायचो. त्याने गाडी पाहिली आणि म्हणाला, "लोहचुंबक लाव बघू फेंडरला."

लावला. खाली पडला. दुसरीकडे लावला, तिथेही पडला.

"आरं, पत्र्यावर सगळी लांबी, पुट्टीच भरलीया की! फशीवलं तुला."

मला पण क्षणभर घाम फुटला. मग आठवलं, या गाडीचं बॉनेट, पुढचे फेंडर, डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं. दारावर लावला तर टक्‌कन चिकटला. मामा गप्प झाला. मग म्हणाला, "मग माझा हातोडा काय कामाचा न्हाई त्याला. बदलून टाक." त्याच्या आवाजात किंचित दुखावल्यासारखं काहीतरी होतं.

पण त्याची दुसरी विद्या कामाला आली. गाडी चार स्टँडवर लेव्हलला घेतली, आणि सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुल्या केल्या. मग गाडीखाली सरपटत जाऊन फुलीपासून तिरप्या समोरच्या फुलीपर्यंत कर्ण मोजले. फरक दोन मिलिमीटर. "दोन मिलिमीटर तर तुझ्या टेपातच असत्यात," मामा म्हणाला. सांगाडा सरळ होता. इथे पैसे वाचले.

गेले ते माझ्या मूर्खपणात. भंगारवाल्याकडे लाल बॉनेट मिळालं, २०१९च्या गाडीचं. लाल ते लाल, रंगकाम वाचलं, म्हणून घेतलं. बसवून उन्हात उभी केली तर नाक एका रंगाचं आणि बाकी अंग दुसऱ्या. माझी गाडी सोल रेड आणि बॉनेट सोल रेड क्रिस्टल. मधल्या काळात कंपनीने लाल बदलला होता. शिवाय तो रंग तीन थरांचा. खाली चमकीचा थर, वर पारदर्शक लाल, वर क्लिअर. लाल थर एक हात जास्त पडला की छटा गडद. पेंटरने नुसता रंगाचा कोड पाहूनच भाव वाढवला, आणि बॉनेट, बंपर, दोन्ही फेंडर मिळून ८५० घेतले.

दट्टे मी नवेच घेतले. इंटरनेटवर एक जुगाड सापडतो : दट्ट्याच्या कनेक्टरमध्ये रेझिस्टर खोचायचा, म्हणजे सर्किट पूर्ण आहे असं गाडीला वाटतं आणि एअरबॅगचा दिवा विझतो. दिवा पेटलेला असला तर एमओटीत, म्हणजे इथल्या गाडीच्या वार्षिक तपासणीत, नापास, म्हणून लोक हे करतात आणि गाडी विकून मोकळे होतात. एन गाडी घेणार असाल तर बॉनेट उघडून ती दोन कनेक्टरं आधी बघा.

सात महिने शनिवार-रविवार गेले. सगळं धरून ७,४३०. विकायला काढली तर एन अक्षरामुळे जेमतेम तेवढेच येतील, आणि माझी मजुरी शून्य.

एमओटीला आधी वेळ घेतली असली तरच रस्त्यावर न्यायची परवानगी होती, म्हणून तेवढे सहा मैल ही तिची पहिली फेरी. पाऊस होता, टप बंद. पास झाली. परत येताना पाऊस थांबला, तेव्हा एका शेताच्या कडेला थांबून टप मागे टाकला आणि चाळीसच्या वर न जाता घरी आलो. झुडपांवर नजर ठेवून.

संध्याकाळी मामाला दाखवली. तो म्हणाला, "बॉनेटच्या कडंनं फोन फिरीव. हळू. आता दुसऱ्या बाजूनं."

फिरवला.

"उजवीकडं फट मिलीभर जास्त हाय."

मी म्हटलं, मामा, नाही, कॅमेऱ्यामुळे वाटतंय. फोन ठेवला, चहा घेतला, आणि मग टॉर्च आणि पाना घेऊन गॅरेजमध्ये गेलो.