हे म्हणणे खरे आहे

कोल्हापुरात वकिली करतोय त्याला आता 19 वर्षं झाली आणि त्यातला बराच काळ ट्रस्टच्या कामात गेला, म्हणजे शिक्षण संस्था, देवस्थानं, तालीम मंडळं आणि आमची चर्च. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळं मंडळ्यांची, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समुदायाची, भांडणं आपोआप माझ्याच टेबलावर येतात. आणि ही भांडणं कुठली, तर नव्वद टक्के चेंज रिपोर्टची. ट्रस्टवर नवीन माणसं निवडून आली की 90 दिवसांत धर्मादाय ऑफिसला कळवावं लागतं, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 22, त्यालाच आम्ही चेंज रिपोर्ट म्हणतो. समोरच्या गटानं हरकत घेतली की मग प्रतिज्ञापत्रं, उलटतपास, युक्तिवाद, सगळं रीतसर सुरू होतं आणि तोवर रजिस्टरला जुनीच नावं राहतात, त्यातली काही माणसं तर तोपर्यंत प्रभूकडं गेलेली असतात. बँक सही बदलून देत नाही, पाळकांचा पगार अडकतो, छप्पर गळत असलं तरी चेकवर सही कोण करणार म्हणून गळतच राहतं.

आज सांगतोय ती गोष्ट अशाच एका केसची, तीन-चार वर्षांपूर्वीच्या जुलैमधली. मंडळीचं नाव सांगणार नाही.

माझे अशील गुरुजी. वय 78, शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ पुढारी, म्हणून तीस वर्षं काम केलेलं. लहानपणी संडे स्कूलला मी त्यांच्याच हाताखाली होतो. पाठांतर चुकलं की ओरडायचे नाहीत, फक्त "पहिल्यापासून" म्हणायचे, आणि मग आपण पहिल्यापासून म्हणायचं. अजून मला पंधरावं स्तोत्र तोंडपाठ आहे ते त्या "पहिल्यापासून"मुळंच.

भांडण वरवर निवडणुकीचं होतं पण खरं होतं जागेचं. चर्चच्या मागं रोडटच प्लॉट आहे, सभासदांमधल्या काही जणांचं म्हणणं होतं की तो बिल्डरला डेव्हलपमेंटला द्यावा, वर हॉल बांधून मिळेल, पैसे येतील. गुरुजींचा त्याला ठाम विरोध. आता ट्रस्टची जमीन अशी कुणालाही देता येत नाही, कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, पण अर्ज करायचा म्हणजे तसा ठराव हवा आणि ठराव करायचा म्हणजे कमिटी आपली हवी. म्हणून त्या वर्षीची निवडणूक एवढी पेटली. गुरुजींचं पॅनल निवडून आलं, गुरुजी अध्यक्ष झाले, आणि समोरच्या गटानं हरकत घेतली की आमच्यातल्या नऊ सभासदांना सभेची नोटीसच दिलेली नाही. आमच्या फाईलमध्ये नोटीस पोचल्याच्या सह्यांची यादी होती, त्यात त्या नऊ जणांच्याही सह्या होत्या. ते म्हणत होते या सह्या आमच्या नाहीत.

मला ती यादी बघूनच शंका आली होती. नऊच्या नऊ सह्या एकाच निळ्या पेनाच्या आणि "पाटील"मधला "ल" सगळीकडं एकाच वळणाचा. मी गुरुजींना स्पष्ट विचारलं नाही. हे मी इथं मुद्दाम लिहितोय कारण त्या दिवसाचं ओझं एकट्या गुरुजींवर टाकणं बरोबर होणार नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, गुरुजी, उलटतपासात जे नीट आठवत नसेल त्याला आठवत नाही म्हणायचं, सेक्रेटरीनं केलेल्या कामाबद्दल मला व्यक्तिशः माहिती नाही म्हणायचं. हे प्रत्येक वकील प्रत्येक साक्षीदाराला सांगतो आणि त्यात बेकायदा काही नाही. पण मी ते ज्या सुरात सांगितलं त्याचा अर्थ दोघांनाही कळत होता. गुरुजी काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

तारखेच्या आदल्या दिवशी पावसानं नुसता धुमाकूळ घातला होता. राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेला होता आणि पंचगंगा 39 फुटाच्या इशारा पातळीकडं निघालेली, कोल्हापुरात अशा वेळी जो भेटेल तो पाणी किती फुटावर हेच विचारतो. गुरुजी रिटायर झाल्यावर पन्हाळ्याच्या बाजूला गावी राहतात. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं तर उद्या पोचता येणार नाही म्हणून ते आदल्या संध्याकाळीच एसटीनं आले आणि शाहूपुरीत पुतणीकडं राहिले. मी फोनवर म्हटलं होतं, गुरुजी पाण्याचं कारण सांगून तारीख घेतो की, कशाला त्रास. तर म्हणाले, "नको, एकदाचं होऊन जाऊ दे."

धर्मादाय ऑफिसचा हॉल म्हणजे काही सिनेमातलं कोर्ट नव्हे. ट्यूबलाईट, फायलींचे गठ्ठे, ओल्या छत्र्या कोपऱ्यात उभ्या. शपथेला हातात बायबल-बिबल कुणी देत नाही, ईश्वरासमक्ष शपथेवर खरं सांगेन एवढं म्हणायचं आणि झालं. दोन्ही गटांची पंधरा-वीस माणसं मागं बसलेली, आणि बसण्याची तऱ्हा अगदी चर्चमधल्यासारखी, आमचे डावीकडं त्यांचे उजवीकडं, मधे वाट. रविवारी उपासनेलाही हे लोक असेच बसतात, हे मला नंतर कळलं.

समोरचे वकील सिनियर, शांत माणूस, देवधर्म मानणारे, दर मंगळवारी जोतिबाला नाहीतर अंबाबाईला जाणारे. त्यांनी अर्धा तास इकडचं तिकडचं विचारलं, घटना कधीची, सभासद किती, कोरम किती, आणि मग यादी पुढं सरकवली. ज्यांनी आमच्याकडचा उलटतपास ऐकलाय त्यांना माहिती असेल, प्रश्न असा येतो की "हे म्हणणे खरे आहे की..." आणि साक्षीदार हजार वेळा पढवल्यासारखा "हे म्हणणे खोटे आहे" म्हणतो, आणि टायपिस्ट तेच टाईप करत राहतो. त्यांनी विचारलं, हे म्हणणे खरे आहे की अनुक्रमांक अमुक ते अमुक या नऊ सभासदांना सभेची नोटीस दिलेली नव्हती.

गुरुजी गप्प राहिले. टायपिस्टची बोटं की-बोर्डवर तशीच. मी मनात म्हणत होतो, आठवत नाही म्हणा, आठवत नाही म्हणा.

गुरुजी म्हणाले, "हे म्हणणे खरे आहे."

समोरच्या वकिलांनाच पहिल्यांदा समजलं नाही, त्यांनी पुढचा प्रश्न सुरू केला होता, मधेच थांबले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान वर करून विचारलं, प्रश्न नीट कळला का तुम्हाला? गुरुजी म्हणाले, कळला साहेब. सेक्रेटरी नोटिसा घेऊन निघाला होता, मीच म्हटलं त्या नऊ घरात जाऊ नको, ते आले तर सभा उधळतील. सह्या कुणी केल्या ते मी बघितलं नाही पण त्यांच्या नाहीत हे मला माहिती होतं. प्रतिज्ञापत्रात सगळ्यांना नोटीस दिली असं लिहिलंय ते मी वाचून सही केलंय, ते खोटं आहे, आणि त्याची जबाबदारी माझी.

टायपिस्टनं ते शब्दन्‌शब्द टाईप केलं. समोरच्या वकिलांनी कागद मिटले आणि म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही. साहेबांनी मला विचारलं, फेरतपास? मी म्हटलं, नाही. तोंडातून एवढा एकच शब्द निघाला.

बाहेर पोर्चमध्ये आमचीच माणसं गुरुजींवर तुटून पडली. चार वर्षं पैसा घातला, तुम्ही पाच मिनिटांत घालवलं. आता ते लोक येणार आणि प्लॉट बिल्डरच्या घशात जाणार, त्याला जबाबदार तुम्ही. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही तेच वाटत होतं, कारण प्लॉटच्या बाबतीत गुरुजींची बाजू माझ्या मते शंभर टक्के बरोबर होती, अजूनही आहे. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, "महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजनाचं ताट घेऊन मी बाकांमधनं फिरतो. त्या नऊ जणांच्या पुढं ताट धरताना चार वर्षं मी त्यांच्या तोंडाकडं बघितलेलं नाही." त्याच्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता तेवढाच आवाज.

त्या रात्री लाईट गेलेली, मी ऑफिसमध्येच बसून राहिलो आणि मोबाईलच्या उजेडात बायबल काढलं. पुढाऱ्यांबद्दल त्यात किती काय आहे हे आम्ही ख्रिस्ती लोक तोंडपाठ सांगतो. आमच्याकडं नेतृत्वावर सेमिनार होतात, त्यात मोशे असतोच, सासरा इथ्रो त्याला सांगतो की एकटा सगळं ओढू नको, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. नहेम्या तर असतोच असतो, 52 दिवसांत यरुशलेमचा तट उभा केला म्हणून. मीही हे बोललोय स्टेजवरून. पण नहेम्याचा पाचवा अध्याय आम्ही भरभर उलटतो, जिथं तो सांगतो की 12 वर्षं अधिकारी असून मी अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं आणि मला देवाचं भय होतं. तट बांधणं दिसतं, हे दिसत नाही.

शमुवेल म्हातारा झाल्यावर सगळ्या इस्राएलापुढं उभा राहतो आणि विचारतो, मी कुणाचा बैल घेतलाय, कुणाचं गाढव घेतलंय, कुणाकडून लाच घेतलीय, सांगा, मी परत करतो. म्हणजे उलटतपास तो स्वतःच मागून घेतोय! पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो तेव्हा एवढा मोठा प्रेषित, पण पैसे एकट्याच्या हातात ठेवत नाही, तीताबरोबर आणखी भाऊ पाठवतो, त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडलेला, आणि कारण स्वच्छ लिहितो की आमच्यावर कुणी दोष ठेवू नये, प्रभूच्या दृष्टीनं जे योग्य ते माणसांच्याही दृष्टीनं योग्य दिसावं. तीमथ्याला लिहिताना अध्यक्ष कसा असावा याची यादी देतो तिच्यात शेवटी आहे की बाहेरच्या लोकांतही त्याच्याबद्दल चांगली साक्ष हवी. बाहेरचे लोक म्हणजे कोण, तर माझ्यासाठी त्या दिवशी तो टायपिस्ट, ते साहेब आणि जोतिबाला जाणारे ते वकील.

आमच्या भागात 1852 साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढं प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथं वाढलं, आणि प्रेस्बिटेरियन हा शब्दच मुळात वडील या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. वडिलांनी चालवायची मंडळी. पौल मिलेतात इफिसच्या वडिलांना बोलावून शेवटचा निरोप देतो तेव्हा त्यांना कळपाची देखरेख करणारे म्हणतो आणि लगेच म्हणतो, मी कुणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, माझ्या गरजा याच हातांनी भागवल्या. एवढी वर्षं वडील वडील म्हणत आलो आणि त्या पदाचा अर्थ मला एका चेंज रिपोर्टच्या हॉलमध्ये कळावा याचं मला फार वाईट वाटलं त्या रात्री. आणि पौलच करिंथच्या मंडळीला विचारतो की भावाभावात निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, न्यायालयात कशाला जाता, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. या अध्यायावर मी कधी कुणापुढं बोललेलो नाही. माझं घर अशाच केसेसवर चालतं.

पंधराव्या स्तोत्रात एक ओळ आहे, स्वतःचं अहित झालं तरी जो दिलेली शपथ मोडत नाही. गुरुजींनीच पाठ करून घेतलेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. तो चेंज रिपोर्ट टिकणार नव्हताच. तीन आठवड्यांनी समोरच्या वकिलांचा मला फोन आला की आपण दोघं मिळून पुरसिस, म्हणजे सहमतीचं लेखी निवेदन, देऊ, नव्यानं सभा, सगळ्यांना नोटीस, दोन्हीकडचा एकेक माणूस नोटिसा वाटायला. त्यांचे अशील म्हणे तयार आहेत, आणि विशेष म्हणजे खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल गुरुजींवर काही करायचं नाही असं त्यांनीच आधी सांगितलं होतं. निवडणूक झाली, दोन्हीकडची माणसं आली. गुरुजी उभे राहिले नाहीत. प्लॉट अजून आहे तसाच आहे, पोरं क्रिकेट खेळतात तिथं, पुढं काय होईल माहिती नाही.

गुरुजी सप्टेंबरमध्ये माझ्या ऑफिसला आले, पाऊस ओसरला होता. "सलाम" म्हणाले, बसले, पाणी घेतलं आणि पिशवीतनं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. माझी राहिलेली फी. मी म्हटलं, गुरुजी, फी मंडळीनं द्यायची आहे, तसा ठराव आहे, आणि खरं तर मला ती नकोच आहे. तर म्हणाले, "ठराव ज्या कमिटीनं केला ती कमिटीच बरोबर निवडलेली नव्हती, मग मंडळीच्या पैशातनं कसं देणार? पेन्शनमधले आहेत. मोजून घे आणि पावती कर."

मी पावतीबुक काढलं आणि सवयीनं मंडळीचं नाव लिहायला लागलो.

"पहिल्यापासून," गुरुजी म्हणाले. "माझ्या नावानं लिही."

मी ते पान रद्द केलं आणि दुसरी पावती त्यांच्या नावानं लिहिली.