सड्यावरची शंभर घरं

आमचं गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या कडेला. सातबाऱ्यावर सड्याची जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. एमएस्सीनंतर वर्गातले बहुतेक जण प्रयोगशाळेतल्या विषयांकडे वळले. मला मात्र पीएचडी या कातळावरच करायची होती.

आधी नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. लाइफ सायन्सच्या अभ्यासक्रमात 13 घटक, परिसरशास्त्र त्यातला एक. दुसऱ्या खेपेला जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली. प्रवेशाचे सोपस्कार उरकेपर्यंत सप्टेंबर सरला आणि तो पावसाळा हातचा गेला. कातळावरच्या फुलांचा संसार जून ते ऑक्टोबर एवढाच. नंतर वाळलेलं गवत आणि तापलेला दगड. हंगाम चुकला की वर्ष गेलं, हे तेव्हा कळलं आणि फार लागलं.

पुढच्या जूनमध्ये पीव्हीसी पाइपची एक मीटर लांब-रुंद चौकट केली. आत दर 10 सेंटिमीटरवर दोरा, म्हणजे 100 घरं. एकेक घर ओणव्याने मोजायचं, सळई खुपसून मातीची खोली घ्यायची, वहीवर छत्री धरायची. बोटभर मातीत ‘सीतेची आसवं’ नावाची फुलझाडं, माती वाढली की उंच गवत. दोन पावलांत वस्ती बदलते, हे मोजताना हाताला कळतं.

चूक झाली ती गेंद या फुलझाडात. पांढरी गोल डोकी सगळी सारखीच, म्हणून मी सरसकट ‘गेंद’ लिहीत गेले. महिन्याने माझ्या मार्गदर्शक सरांनी एक डोकं सूक्ष्मदर्शकाखाली उकललं. एवढंसं फूल, त्याच्या पाकळ्या, बी, सगळं तपासल्याशिवाय जात ठरत नाही. माझ्या एका ‘गेंदा’त तीन जाती निघाल्या. महिन्याची मोजणी बाद! त्या रात्री मी खूप रडले. पण सकाळी पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक घरातला नमुना कागदी पाकिटात, वर घराचा आकडा.

एकदा गुरं घेऊन निघालेल्या एक काकू थांबल्या. “काय गो बाय, कातळावर काय हरवलं तुझं?”

मी सीतेच्या आसवांचं एक रोप अलगद उपटून धुतलं आणि भिंग त्यांच्या हाती दिलं. या झाडाला मुळं नसतात. मातीतल्या बारीक तंतूंवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. बारीक जीव दाराशी आला की आत ओढला जातो. या कातळात नत्र कमी, ते झाड असं मिळवतं.

काकू बराच वेळ पाहत राहिल्या. मग भिंग परत देत त्यांनी गुरं चौकटींना वळसा घालून नेली.