मोठ्या शहरात कशाला जायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

‘आता सगळं घरबसल्या होतं. काम लॅपटॉपवर, शिकणं मोबाइलवर, माणसं व्हिडिओ कॉलवर. मग एवढं भाडं भरून, गर्दीत घुसमटत मोठ्या शहरात कशाला राहायचं?’ हे मला बरेच जण विचारतात. नुकतीच नोकरीला लागलेली मुलं विचारतात आणि त्यांचे आईवडील तर जास्तच काळजीने विचारतात. माझं उत्तर दर वेळी तेच असतं: जमत असेल तर जा, आणि तरुणपणी जमलं तर फारच छान. संधी मिळते म्हणून जा, असं सगळेच सांगतात. मी म्हणते, दुसऱ्या संधीसाठी जा: एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं असावं म्हणून.

छोट्या ठिकाणी तुमच्या कामाची कंपनी बहुधा एकच असते. नाटकाचा ग्रुप एकच, चांगले शिक्षक एखादेच. साहेबांशी खटका उडाला तर सहन करायचं, नाहीतर बिऱ्हाड हलवायचं. ग्रुपमध्ये बिनसलं की नाटक संपलं. मोठ्या शहरात राजीनामा दिला तरी घर तेच राहतं, मुलांची शाळा तीच राहते, जोडीदाराच्या नोकरीला धक्का लागत नाही. त्यामुळे माणसाची मान ताठ राहते. ‘जाऊन जाऊन जाणार कुठे’ असं तुम्हाला कुणी गृहीत धरू शकत नाही, आणि ते धरता येत नाही हे समोरच्यालाही ठाऊक असतं. वागणूक तिथेच सुधारते.

हे जुनंच आहे. मध्ययुगात जर्मन भाषक प्रदेशातल्या अनेक शहरांत असा रिवाज होता की जमीनदाराकडून पळून आलेल्या भूदासाने एक वर्ष आणि एक दिवस शहरात काढला, तर त्याच्यावरचा धन्याचा हक्क संपायचा. आज तसे धनी नाहीत. पण एकाच दारावर अवलंबून राहण्याची लाचारी आहे, आणि त्यावर मोठं शहर हा अजूनही चांगला उतारा आहे.

जोडपी या प्रश्नाकडे क्वचितच अशा नजरेने पाहतात, म्हणून मुद्दाम सांगते. दोघंही आपापल्या क्षेत्रात शिकलेली असतील, तर दोघांनाही एकाच ठिकाणी मनासारखं काम मिळणं हे मोठंच कोडं असतं. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थतज्ज्ञांनी २००० साली अमेरिकेतली आकडेवारी मांडली. दोघंही पदवीधर असलेल्या जोडप्यांपैकी १९४० साली ३२ टक्के जोडपी मोठ्या महानगरांत राहत होती. १९९० मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं. त्यांच्या मते यामागचं मोठं कारण हेच कोडं होतं. छोट्या ठिकाणी दोघांपैकी एकाने तडजोड करायची वेळ येते. ती बहुतेक वेळा कोण करतं, हे तुम्हाला माहीत आहे. मुलींनी मोठ्या शहराचा विचार गंभीरपणे करावा असं मी आग्रहाने सांगते, ते याचसाठी.

आता नोकरीपलीकडचं. माझ्या दृष्टीने खरा खजिना इथेच आहे.

मला हाताने पुस्तकं बांधायचा नाद आहे. असला नाद हजारात एखाद्याला असतो. दहा हजार वस्तीच्या ठिकाणी असे लोक असले तरी विखुरलेले, एकमेकांना माहीत नसलेले. पन्नास लाखांच्या शहरात त्यांचा गट जमतो, बैठकीची जागा ठरते, सामान मिळायला लागतं, कुणीतरी शिकवायलाही लागतं. क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली हेच मांडलं: शहर मोठं झालं की आगळ्यावेगळ्या आवडीनिवडींच्या माणसांची संख्या एवढी होते की त्यांचं स्वतःचं छोटं जग उभं राहतं. शहरात माणूस एकटा पडतो, या सरसकट समजाला त्याने दिलेलं हे उत्तर मला पूर्ण पटतं.

अशाच एका गटात मी जुजबंदी शिकले. दुमडलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे, एकावर एक ठेवून पाठीकडून दोऱ्याने शिवायचे, ही तिची पद्धत. व्हिडिओ मी भरपूर पाहिले होते. टाके कुठे घालायचे, गाठ कशी मारायची, सगळं पाठ होतं. पण दोरा किती ताणायचा, ते पडद्यावर दिसत नाही. सैल राहिला तर पुस्तक हलतं, जास्त ओढला तर कागद घडीवर फाटतो. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या हातातला दोरा स्वतःच्या दोन बोटांत धरला, पाठीला समांतर ओढला आणि म्हणाल्या, ‘असा. वर नाही ओढायचा, आडवा ओढायचा.’ मेण लावलेला दोरा भोकातून सरकून जागेवर बसला, तो ताण मला माझ्या बोटांत कळला. नंतर त्यांनी अंगठ्याने घडीवरून दाब देत फर्मा बसवला, आणि तो बसल्याचा आवाज आल्यावरच पुढचा घ्यायचा असतो हेही तेव्हाच समजलं. कामातलं निम्मं शहाणपण असं शेजारी बसूनच मिळतं. वकिलीत, शस्त्रक्रियेत, स्वयंपाकघरात, प्रोग्रामिंगमध्ये, सगळीकडे. जिथे एका कामातली खूप माणसं जवळजवळ राहतात, तिथे शेजारी बसायला मिळण्याची शक्यता जास्त.

हे फक्त छंदापुरतं नाही. होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा या अर्थतज्ज्ञांनी स्पेनमधल्या नोकरदारांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरात पगार जास्त, कारण हुशार माणसंच तिकडे जातात, असं आपण सहज म्हणून जातो. त्यांना तसं दिसलं नाही. सुरुवातीच्या कुवतीत फारसा फरक नव्हता. मोठ्या शहरात काढलेल्या वर्षांच्या अनुभवाला मोल जास्त होतं, आणि ती माणसं पुढे छोट्या शहरात गेली तरी त्यातलं बरंचसं मोल त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून ‘कायमचं जायचं का?’ या धास्तीने अडून बसू नका. काही वर्षं राहून परत आलात, तरी हातात काहीतरी घेऊनच याल.

ओळखींचंही तसंच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी बहुतेकांना ती जिवलग मित्रांकडून मिळाली नव्हती. कधीमधी भेटणाऱ्या माणसांकडून तिची खबर लागली होती. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. अशा पुसट ओळखी मोठ्या शहरात सहज होतात: जिन्यात, वर्गात, कार्यक्रमानंतर दाराशी रेंगाळताना.

अनोळखी असण्याचं सुख मात्र ज्याने भोगलं त्यालाच कळेल. कुणाची सून, कुणाचा मुलगा, दहावीत किती मार्क, लग्न का मोडलं, यातलं काहीच समोरच्याला माहीत नसतं. घटस्फोटानंतर, धंदा बुडाल्यानंतर, किंवा आपण जसे आहोत तसं जगायचं धाडस पहिल्यांदा करताना ही पाटी कोरी असणं किती मोलाचं असतं! आणि अनोळखी म्हणजे परके असंही नाही. रोज त्याच वेळी त्याच फलाटावर दिसणारी, कधीच न बोललेली माणसं असतात ना, त्यांच्यावर स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली लिहिलं आहे. त्यांचं निरीक्षण असं की हीच माणसं एखाद्या दूरच्या ठिकाणी भेटली तर चटकन बोलतात. न बोलताही नातं तयार होत असतं.

तोट्यांबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की दरडोई उत्पन्न आणि नवे शोध साधारण १० ते २० टक्क्यांनी वाढतात. आणि गुन्हे व संसर्गजन्य आजारही जवळपास त्याच प्रमाणात वाढतात. माणसं जास्त भेटतात, म्हणून दोन्ही होतं. वर घरभाडं आहे, आवाज आहे, प्रवासात जाणारा वेळ आहे. घरात आजारी माणूस असेल, किंवा आहे तिथे तुमची माणसं आणि तुमचं काम दोन्ही घट्ट असेल, तर मी तुम्हाला जा म्हणणार नाही.

जायचं ठरलं तर आधी महिनाभर राहून बघा आणि कामाच्या दिवशी, भर गर्दीच्या वेळी, घर ते ऑफिस हा प्रवास करून पाहा. खोली लहान चालेल, लांबची नको. लांबच्या मोठ्या घरात राहणारा माणूस संध्याकाळी थकून थेट घर गाठतो, आणि ज्यासाठी शहरात आला ते सगळं त्याच्या वाटेबाहेर राहतं. सामान पूर्ण लागायच्या आधीच आपल्या आवडीचा एक गट शोधा आणि दर आठवड्याला जा. महिन्यातून एकदा जाऊन चेहरे ओळखीचे होत नाहीत. तीन-चार वेळा जाऊनही मन रमलं नाही, तर ओढूनताणून टिकू नका. दुसरा गट शोधा.